जैविक नॅनोकण आणि प्रकाशाने छापायचे पॉलिमर : सोलापूरच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बायोटेक्नॉलॉजी, फार्मसी, केमिस्ट्री आणि मेकॅनिकलच्या मुलामुलींचे प्रोजेक्ट ठरायची वेळ आली की हा विषय हमखास निघतो. एका विभागात रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आलेला असतो, शेजारच्या विभागात कुणीतरी नॅनोकण बनवत असते, आणि दोन्ही एकत्र आणायची कल्पना सुचते. कल्पना चांगलीच आहे. पण विचारणारे बदलले तरी प्रश्न तेच राहतात आणि पहिले दोन महिने त्याच त्या ठिकाणी वाया जातात. म्हणून ही उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत.

हे तंत्र नेमके आहे तरी काय?

प्रकाश पडला की घट्ट होणारे द्रव रेझिन घ्यायचे, त्यात जैविक नॅनोकण मिसळायचे आणि थरावर थर चढवत हवा तो आकार छापायचा. सोलापुरी चादरीची नक्षी वरून छापलेली नसते, ती विणीतच असते. म्हणून चादर उलटली तरी नक्षी दिसते. इथेही कण वस्तूवर वरून लावायचे नसतात, वस्तू घडतानाच तिच्या जाळीत बसवायचे असतात. आकार प्रिंटर देतो. औषध धरून ठेवणे, रोगप्रतिकारशक्तीला जागे करणे, एखादा रेणू ओळखणे ही कामे कण करतात.

जैविक नॅनोकणांत काय काय येते?

वनस्पतींचे विषाणू सगळ्यांत जास्त अभ्यासलेले. तंबाखूच्या मोझॅक विषाणूची कांडी ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड असते. तिच्यावर एकाच प्रथिनाच्या सुमारे २,१३० प्रती गोल जिन्यासारख्या रचलेल्या असतात आणि मधोमध ४ नॅनोमीटरची पोकळी असते. इवानोव्स्की यांनी १८९२ मध्ये आणि बायेरिंक यांनी १८९८ मध्ये याच रोगावर काम केले आणि त्यातून विषाणू ही कल्पना पुढे आली. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी त्याचे स्फटिक मिळवले. चवळीचा मोझॅक विषाणू गोलसर असतो, साधारण ३० नॅनोमीटरचा.

त्यानंतर फेरिटिन. आपल्या शरीरात लोह साठवणारे हे प्रथिन २४ घटकांचे बनलेले असते, बाहेरून १२ नॅनोमीटरचे, आतून ८ नॅनोमीटर पोकळ. जिवाणूंना खाणारे बॅक्टेरिओफाज यात येतात. पेशींनी बाहेर सोडलेल्या एक्झोसोमसारख्या पिशव्याही येतात, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. या पिशव्यांना मेदाचे नाजूक आवरण असते. प्रथिनांच्या कवचाइतका मार त्या सहन करत नाहीत आणि छापताना हा फरक फार महागात पडतो.

आम्ही डाळिंबाच्या सालीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवले आहेत. तेच रेझिनमध्ये घातले तर?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

ते कण धातूचे आहेत. वनस्पतीच्या अर्काने ते घडवले इतकेच. जिवाणूंवर त्यांचा परिणाम होतो, त्यांचे उपयोग आहेत, पण छापण्याच्या दृष्टीने ते विषाणूपेक्षा किंवा फेरिटिनपेक्षा अगदी वेगळे वागतात. कॉलेजांत असलेले बहुतेक रेझिन प्रिंटर ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश वापरतात. आता तुमचा यूव्ही-व्हिजिबलचा आलेख, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो तो, काढून बघा. चांदीचे कण तयार झाल्याचा पुरावा म्हणून तुम्ही अहवालात जे शिखर लावले आहे, ते ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपास आहे. प्रिंटर जो प्रकाश टाकतो नेमका तोच चांदी गिळते. प्रकाश खालून येतो, म्हणून तळाचा पापुद्रा घट्ट होतो, वरचे रेझिन ओलेच राहते, थर छाप धरणाऱ्या वरच्या प्लेटला चिकटत नाही आणि छाप तळाशी टाकीतच पडून राहते.

दुसरी अडचण डोळ्याला दिसत नाही. रेझिन घट्ट होते ते फ्री रॅडिकलच्या, म्हणजे झटकन क्रिया करणाऱ्या रेणूंच्या, साखळीने. प्रकाशाने इनिशिएटर (क्रिया सुरू करणारे रसायन) फुटतो, रॅडिकल तयार होतात आणि ते एका मोनोमरला, म्हणजे रेझिनच्या सुट्या रेणूला, दुसरा जोडत जातात. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिन भरपूर असतात आणि ती अँटिऑक्सिडंट आहेत. तुमच्याच प्रोजेक्टमध्ये डीपीपीएच चाचणी केली असेल तर आठवा. अर्क घातल्यावर जांभळा रंग गेला होता. म्हणजे अर्काने रॅडिकल संपवले होते. तोच अर्क कणांबरोबर रेझिनमध्ये गेला तर तिथलेही रॅडिकल तो संपवणारच. मग एक्स्पोजर दुप्पट करा नाहीतर चौपट, रेझिन चिकटच राहते आणि मुले प्रिंटरला दोष देतात.

यावर इलाज आहे. कण सेंट्रिफ्यूज करून खाली बसवा, वरचे पाणी टाका, ताज्या डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा पसरवा, आणि वरच्या पाण्याचा यूव्ही आलेख सपाट होईपर्यंत हे करत राहा. याने टॅनिनचा प्रश्न बराच सुटतो. कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेला थोडा अंश मात्र राहतोच. चांदीच्या रंगाचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी कणांचे प्रमाण अगदी कमी ठेवा, थर पातळ करा, नाहीतर प्रकाशच बदला. इओसिन वाय हा रंग ट्रायइथेनॉलअमाइनसोबत हिरव्या प्रकाशात रॅडिकल देतो, आणि त्या पट्ट्यात चांदीचे शोषण बरेच कमी असते.

आणि सोन्याचे किंवा झिंक ऑक्साइडचे कण?

लहान सोन्याच्या कणांचे शिखर ५२० च्या आसपास येते, त्यामुळे ४०५ वर त्रास तुलनेने कमी, पण शून्य नाही. झिंक ऑक्साइड साधारण ३७० च्या खालचा प्रकाश शोषते. ४०५ ला ते शोषत नाही, पण गुठळ्या झाल्या तर प्रकाश जोरात विखुरते.

प्रिंटरचे किती प्रकार आहेत आणि आमच्या कामाला कोणता चालेल?

१९८१ मध्ये जपानमधल्या नागोया इथे हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे थर रचण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत चक हल यांना स्टिरिओलिथोग्राफीचे पेटंट १९८६ मध्ये मिळाले. त्यात लेझरचा ठिपका फिरवून थर काढतात. डीएलपी प्रिंटर लाखो सूक्ष्म आरशांच्या चिपने अख्खा थर एकदम उजळतो. आपल्याकडे कॉलेजांत बहुधा एलसीडी पडद्याचा प्रिंटर असतो. त्याचेही तत्त्व तेच, फक्त आरशांऐवजी पडदा प्रकाश अडवतो. तुमच्या प्रोजेक्टला हा पुरेसा आहे.

टू-फोटॉन छपाई ही वेगळीच गोष्ट. तिथे लेझरच्या केंद्रबिंदूपाशी दोन फोटॉन एकदम शोषले जातात आणि तेवढ्याच ठिकाणी रेझिन घट्ट होते. एकाच वेळी दोन फोटॉन शोषले जाऊ शकतात हे मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये कागदावर दाखवले होते. २००१ मध्ये कावाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने १० मायक्रोमीटर लांबीचा बैल छापला, आणि त्यातला तपशील १२० नॅनोमीटरपर्यंत बारीक होता. आता विचार करा, तंबाखूच्या विषाणूची कांडी ३०० नॅनोमीटरची. म्हणजे इथे छापलेली रेघच कणापेक्षा बारीक निघू शकते! या पातळीला कण मिसळायचा म्हणजे काय, हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो. मला हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो, पण त्याला फेम्टोसेकंद लेझर लागतो. पदवीच्या प्रोजेक्टला त्याच्या मागे लागू नका.

प्रकाशाने कण मरत नाहीत का?

४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने सहसा नाही. न्यूक्लिक आम्ल २६० नॅनोमीटरच्या आसपास शोषते, प्रथिने २८० च्या आसपास. ४०५ त्यांच्यापासून पुष्कळ लांब आहे. धोका आहे तो रॅडिकलपासून. प्रथिनातल्या सिस्टीन, मेथिओनीन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन या जागा रॅडिकलच्या माऱ्याला लवकर बळी पडतात आणि एक्झोसोमच्या आवरणातला असंतृप्त मेद ऑक्सिडाइझ होतो.

म्हणून इनिशिएटर लागेल तेवढाच घाला. पाण्यात विरघळणारा एलएपी हा इनिशिएटर ४०५ वर काम करतो आणि ०.१ ते ०.५ टक्के पुरतो. जुन्या शोधनिबंधांत इर्गाक्युअर २९५९ दिसतो. तो ३६५ नॅनोमीटरसाठी ठीक आहे, ४०५ वर तो जवळजवळ काहीच करत नाही. निबंधातली कृती जशीच्या तशी उचलून मग "घट्टच होत नाही" म्हणून येणारे विद्यार्थी पुष्कळ असतात.

बाजारात मिळणाऱ्या बाटलीतल्या रेझिनमध्ये कण टाकले तर चालेल?

जैविक कणांसाठी नाही. ती रेझिने पाण्यात मिसळत नाहीत. तुमचे कण पाण्याच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, असतात, ते टाकताच दूध फाटल्यागत गुठळ्या होतात. आणि त्यातले अॅक्रिलेट प्रथिनांना आणि पेशींना मानवत नाहीत.

पीईजी-डायअॅक्रिलेट किंवा जिलेटिन मेथाक्रिलॉइल, म्हणजे सगळे ज्याला जेलएमए म्हणतात ते, यापैकी एक घ्या. दोन्ही पाण्यात विरघळतात. पहिले स्वस्त, पारदर्शक आणि वागायला एकसारखे. दुसऱ्यावर पेशी चिकटतात, पण त्याची प्रत प्रत्येक घाणीला थोडी बदलते. नवख्याने पहिल्यापासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

कण घातले की कडा फुगतात, बारीक छिद्रे बुजतात. का?

प्रकाश विखुरतो म्हणून. तरंगलांबीपेक्षा खूप लहान कण किती प्रकाश विखुरतो हे व्यासाच्या सहाव्या घातावर ठरते. व्यास दुप्पट झाला की विखुरणे ६४ पट. एकूण वस्तुमान तेवढेच ठेवून मोजले तर घनाच्या प्रमाणात, म्हणजे ८ पट. ३० नॅनोमीटरचे विषाणू सुटे सुटे राहिले तर रेझिन पाण्यासारखे स्वच्छ दिसते. तेच विषाणू एकमेकांना चिकटून १५० नॅनोमीटरचे पुंजके झाले, तर वस्तुमान तेवढेच असूनही विखुरणे अंदाजे १२५ पट वाढते.

म्हणजे दोष कणांचा कमी आणि गुठळ्यांचा जास्त असतो. मिश्रण बाटलीत धरून खिडकीकडे बघा; दुधाळ दिसले तर छापू नका. डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढणाऱ्या यंत्रावर, कण आधी पाण्यात मोजा, मग रेझिनच्या मिश्रणात मोजा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. बफर नीट निवडा. बोअरचे जड पाणी तर भांडी धुवायलाही शेवटच्या हाताला वापरू नका. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे ऋण प्रभाराचे कण एकमेकांना चिकटतात.

एवढे करूनही प्रकाश बाजूला पसरत असेल तर थोडा शोषक रंग घालतात. मिठाईत वापरतात तो पिवळा टार्ट्राझिन चालतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने हाच खाद्यरंग वापरून हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या जाळीत, गुंतागुंतीच्या रक्तवाहिन्यांसारख्या पोकळ नळ्या छापल्या होत्या. छापून झाल्यावर तो पाण्याने धुऊन निघतो.

वर्किंग कर्व्ह काढाच असे सगळे सांगतात. तो कसा काढायचा?

वर्किंग कर्व्ह म्हणजे किती प्रकाशाला किती जाडीचा थर घट्ट होतो याचा आलेख. हे काम एका दुपारी होते आणि पुढचे कित्येक आठवडे वाचवते.

प्रिंटरची टाकी काढा. पडद्यावर काचेची स्वच्छ कव्हरस्लिप ठेवा आणि तिच्यावर मिश्रणाचा जाडसर थेंब सोडा. एक गोल ठिपका २ सेकंद उजळा. नवी स्लिप, नवा थेंब, ४ सेकंद. मग ८, मग १६. प्रत्येक वेळी न घट्ट झालेले मिश्रण बफरने अलगद धुवा आणि उरलेल्या चकतीची जाडी मायक्रोमीटरने मोजा. जेल मऊ असेल तर दाबून मोजू नका, सूक्ष्मदर्शकाखाली कडेने बघून मोजा.

आता आडव्या अक्षावर प्रकाशाच्या मात्रेचा लॉग आणि उभ्या अक्षावर जाडी. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. ५ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रकाश १० सेकंद दिला तर ५० मिलिज्यूल. ठिपके जवळजवळ सरळ रेषेत येतात. रेषेचा चढ म्हणजे प्रकाश किती खोल शिरतो. रेषा आडव्या अक्षाला जिथे छेदते ती घट्ट व्हायला लागणारी किमान मात्रा. शिरण्याची खोली १०० मायक्रोमीटर असेल तर वेळ दुप्पट केल्यावर जाडी साधारण ६९ मायक्रोमीटरनेच वाढते, दुप्पट होत नाही. हे एकदा हाताने मोजलेले असले की मग कुणी "वेळ वाढव म्हणजे होईल" म्हणून भुलवत नाही.

हा आलेख दोनदा काढायचा, एकदा कणांशिवाय आणि एकदा कणांसह. दोन रेषांमधला फरक हाच तुमच्या प्रोजेक्टचा पहिला खरा निकाल. फक्त चढ कमी झाला असेल तर कण प्रकाश अडवताहेत. चढ तोच पण किमान मात्रा वाढली असेल तर कणांबरोबर आलेले काहीतरी रॅडिकल संपवते आहे. वरचा चांदी आणि डाळिंबाचा घोळ इथे दोन आकड्यांत वेगळा होतो.

छापून झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचे ना?

नाही. अल्कोहोल एक्झोसोमचे आवरण फोडते, प्रथिने बिघडवते आणि हायड्रोजेलमधले पाणी ओढून घेते. थंड बफरने दोन-तीनदा धुवा.

कण जाळीत अडकून राहतील की बाहेर येतील?

तुम्हाला काय हवे आहे ते आधी ठरवा. पीईजीच्या हायड्रोजेलमध्ये जाळीची भोके बहुधा काही नॅनोमीटरची असतात, त्यामुळे ३० नॅनोमीटरचा विषाणू आत अडकतो आणि लहान औषधाचा रेणू निघून जातो. कण कायमचा बांधायचा असेल तर त्याच्या प्रथिनातल्या लायसीन या अमिनो आम्लावर मेथाक्रिलेटचा गट जोडा, म्हणजे छापताना तो जाळीचाच भाग होतो. तो बाहेर यायला हवा असेल तर विरघळणारी जाळी निवडा. जेलएमए कोलॅजेनेज एन्झाइमने तुटते, तशी ती शरीरातही हळूहळू तुटते.

आमची छाप सुरेख आली. आता पेपर लिहायला घेऊ?

अजून नाही. इथे मी आग्रहाने थांबवतो.

छाप सुरेख येणे म्हणजे पॉलिमर घट्ट झाला एवढेच. कण आतमध्ये धड आहे का, आणि तो त्याचे काम करतो का, हे फोटोतून कळत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कांडी अखंड दिसली तरी तिच्या पृष्ठभागावरच्या ज्या जागेमुळे ती उपयोगी होती ती जागा जळलेली असू शकते. आणि प्रोजेक्ट अर्ध्यात सोडून देण्याचे सगळ्यांत मोठे कारण याच ठिकाणी सापडते. वर्षभर छापत राहायचे आणि शेवटच्या महिन्यात कळायचे की कण पहिल्याच दिवशी मेले होते. हे फार वाईट वाटते, कारण चाचणी अवघड नसते.

बॅक्टेरिओफाज असेल तर छापलेल्या जेलचा तुकडा बफरमध्ये बारीक करा, क्रमाने विरळ करत जा, जिवाणूंच्या थरावर ओता आणि दुसऱ्या दिवशी प्लाक, म्हणजे फाजने जिवाणू मारून पाडलेले स्वच्छ डाग, मोजा. घातले १०⁹ आणि परत मिळाले १०⁶, तर ९९.९ टक्के गेले. जाळीत अडकून राहिलेले आणि मेलेले यांत फरक करायला न छापलेल्या मिश्रणाचीही मोजणी सोबत ठेवा. तंबाखूचा विषाणू असेल तर निकोटियाना ग्लुटिनोसाच्या पानावर घासा. काही दिवसांत करडे डाग पडतात आणि ते मोजता येतात. होम्स यांनी १९२९ मध्ये दिलेली ही पद्धत साधी आहे, तिला महागडे यंत्र लागत नाही. एन्झाइम असेल तर त्याची क्रिया मोजा. एक्झोसोम असतील तर पेशी ते आत घेतात का ते बघा, आणि जेलमधून निघालेल्या पिशव्यांचा आकार व संख्या छापण्याआधीच्या आकड्यांशी ताडून पाहा.

तुलनेचे नमुने तीन ठेवा. कण नसलेले जेल. उष्णतेने निष्क्रिय केलेले कण असलेले जेल. आणि कण आहेत, इनिशिएटर आहे, पण प्रकाश दिलेला नाही असे मिश्रण. तिसरा नमुना विद्यार्थी नेहमी विसरतात, आणि नुकसान रसायनाने झाले की प्रकाश दिल्यावर झाले हे सांगणारा तोच असतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात काही वेगळी काळजी?

होय. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. एसी नसलेल्या लॅबमध्ये उघड्या टाकीतले पाणी उडते, मिश्रण दाट होत जाते आणि सकाळी बसवलेली सेटिंग दुपारी चालत नाही. टाकी झाका, छोट्या छापी घ्या. लहान टाकी बसवली तर महागडे कणही कमी लागतात. डिसेंबरच्या सकाळी उलट होते. जेलएमए थंडीने टाकीतच थिजते आणि प्लेट वर उचलताना फाटते; तेव्हा मिश्रण ३० ते ३७ अंशांवर ठेवून वापरा.

आपल्याकडच्या लख्ख उन्हाचाही विचार करा. खिडकीतून आलेले ऊन इनिशिएटरला पुरेसे असते. खिडकीला पिवळी फिल्म लावा, बाटल्यांना अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. एक्झोसोमचे नमुने उणे ८० अंशांना ठेवतात. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर त्यांच्यावर प्रोजेक्ट उभारू नका. वनस्पतींचे विषाणू या बाबतीत दणकट असतात.

याचा खरा उपयोग कुठे झाला आहे?

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात कूर्चेतल्या पेशींबाहेरचे आधारद्रव्य, जेलएमए आणि मूळपेशींचे एक्झोसोम यांचे मिश्रण टेबलावरच्या स्टिरिओलिथोग्राफी प्रिंटरवर छापले आणि सशांच्या सांध्यातल्या जखमेत बसवले. कूर्चा दुरुस्त व्हायला त्याने मदत झाली. चवळीच्या मोझॅक विषाणूचे रिकामे कवच गाठीत टोचले तर शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागी होते, हे निकोल स्टाइनमेट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उंदरांत दाखवले. असा कण हळूहळू सोडणारी छापील पट्टी किंवा सूक्ष्म सुया बनवणे ही त्यातून पुढे सुचणारी दिशा. सेन्सर हा तिसरा उपयोग, आणि आपल्याकडच्या साधनांत बसणारा.

डाळिंबाच्या तेल्या रोगावर यातून काही निघेल का?

सोलापूर जिल्ह्यातल्या मुलाने हा प्रश्न विचारला नाही असे होतच नाही, आणि विचारायलाच हवा. तेल्या हा झँथोमोनास जिवाणूचा रोग. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीवरच्या झँथोमोनासविरुद्ध बॅक्टेरिओफाजचे उत्पादन नोंदलेले आहे, म्हणजे कल्पना हवेतली नाही. पण पानावर फवारलेला फाज उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर मरतो. त्याला जेलच्या आवरणात ठेवून वाचवता येते का, हा चांगला प्रश्न आहे.

मात्र एकरभर बाग छापील जेलने वाचवायची असे स्वप्न दाखवू नका. थर थर छापणे संथ आणि महाग असते. फवारणीसाठी ते साधन नव्हे. त्याच्यापेक्षा मुळांजवळ मातीत पुरायची, हळूहळू सोडणारी छोटी चकती, किंवा पानाच्या रसात जिवाणू आहे का हे सांगणारी छापील पट्टी, हे विषय प्रिंटरला शोभतात. डाळिंबाला सूत्रकृमीही छळतात. तंबाखूच्या सौम्य हिरव्या मोझॅक विषाणूवर सूत्रकृमीनाशक लादून ते मातीत मुळांपर्यंत खोल पोचवण्याचे काम स्टाइनमेट्झ यांच्या गटाने केले आहे. विषय पक्का करण्याआधी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांचे प्रसिद्ध झालेले काम वाचा. रोगाचा जिवाणू बाहेरून आणून कॉलेजात वाढवायला मात्र आधी परवानगी आणि तशी सोय हवी.

विषाणूंबरोबर काम करणे धोक्याचे नाही का? परवानगी लागते?

वनस्पतींचे हे विषाणू माणसाला रोग करत नाहीत. पण तंबाखूचा मोझॅक विषाणू टोमॅटो आणि मिरचीला लागतो, आणि वाळलेल्या पानात वर्षानुवर्षे टिकतो. घरी शेत असेल तर लॅबचा एप्रन घरी नेऊ नका, हात साबणाने धुवा, उरलेला प्रत्येक तुकडा ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा. तुमच्या हाताने वडिलांच्या मिरचीत रोग जाऊ नये, इतकी काळजी घ्यायलाच हवी. विषाणूत किंवा जिवाणूत जनुकीय बदल करणार असाल तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता आधी घ्यावी लागते. गाईडला पहिल्याच बैठकीत विचारा.

उरलेले रेझिन सिंकमध्ये ओतले तर?

अजिबात नको. न घट्ट झालेले अॅक्रिलेट त्वचेला अॅलर्जी आणते आणि एकदा आलेली अॅलर्जी आयुष्यभर राहू शकते. नायट्राइलचे हातमोजे घाला. उरलेले मिश्रण आणि माखलेले टिश्यू उथळ ट्रेमध्ये उन्हात ठेवून पूर्ण घट्ट करा आणि मगच घनकचऱ्यात द्या. त्यात जैविक कण असतील तर आधी ऑटोक्लेव्ह.

हाताशी साधा प्रिंटर आहे आणि वेळ थोडा आहे. कुठून सुरू करू?

घोड्याच्या प्लीहेतले फेरिटिन विकत मिळते, ते घ्या. विषाणूची परवानगी नको, उणे ८० चा फ्रीज नको, आणि उष्णतेला ते चांगले टिकते. त्यातले लोह तपकिरी असल्यामुळे ते ४०५ चा प्रकाश थोडा शोषते. सोबत लोह काढलेले अपोफेरिटिन घेतले तर तेच कवच रंगाशिवाय मिळते. म्हणजे आकार तोच, प्रथिन तेच, फरक फक्त रंगाचा. पीईजी-डायअॅक्रिलेट, एलएपी आणि हे दोन कण यांचे मिळून तीन वर्किंग कर्व्ह काढा: एक नुसत्या रेझिनचा, एक अपोफेरिटिनचा, एक फेरिटिनचा. मग १ सेंटिमीटरच्या चकत्या छापा, बफरमध्ये ठेवा आणि रोज थोडा बफर काढून त्यात किती प्रथिन उतरले ते ब्रॅडफर्ड चाचणीने मोजा. एलएपी आणि न जोडले गेलेले पीईजी त्या चाचणीत ढवळाढवळ करतात, म्हणून कण नसलेल्या चकतीचा बफरही रोज शेजारी मोजत जा.